सावळीराम आजोबांना आनंद का झाला

रविराजराव आहेर यांना लिहिलेलं वाचता येत होतं, पण त्यात त्यांना फारसा रस नव्हता. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं लेखणी झिजवून ते वरिष्ठ लिपिक झाले, ते जे लिहिलेलं नसतं ते वाचून. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं पत्र आलं की काहीही होणार नाही, 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणजे फाइल सापडत नाही, आणि 'अत्यंत तातडीचे' असा लाल शेरा असला की पुढच्या महिन्यात पाहिलं तरी चालतं, हे ते कागद हातात न घेता सांगत. अवघड पत्र आलं की साहेबसुद्धा म्हणत, "आहेर, यांना नक्की म्हणायचंय काय?" मग आहेर चष्मा कपाळावर चढवत आणि अर्थ सांगत. तो नेहमी बरोबर निघे. निदान तो चूक आहे असं म्हणणारं खात्यात कोणी नव्हतं.

अशा माणसाची मुलगी सहावीत बालप्रज्ञा परीक्षेला बसली आणि त्या परीक्षेत उताऱ्यावरचे प्रश्न आले, म्हणजे घरचंच कार्य म्हणायचं. जिल्ह्यातल्या पहिल्या साठ मुलांना श्रीहरिकोट्याला नेऊन रॉकेट उडताना दाखवणार होते. वेदिकाला दुसरं काही नको होतं. ती रोज जेवताना रॉकेटला किती टप्पे असतात ते सांगायची आणि आईवडील रोज नव्याने आश्चर्य व्यक्त करायचे.

परीक्षेच्या संध्याकाळी रविराजराव प्रश्नपत्रिका घेऊन बसले. ती घरी आणायची परवानगी होती, परीक्षेत तिच्यावर खुणा करायची नव्हती. त्यामुळे प्रत्येक प्रश्न वाचायचा, वेदिकाने काय लिहिलं ते विचारायचं आणि लाल पेनने गोल करायचा, असा कार्यक्रम सुरू झाला. सदतिसाव्या प्रश्नाचा उतारा आला आणि रविराजराव खुर्चीत सरसावले. उतारा कांद्याचा होता आणि रविराजराव मूळचे देवळ्याचे, म्हणजे कांद्याच्याच गावचे.

उतारा असा होता: 'सावळीराम आजोबांनी उन्हाळ्यात कांदा चाळीत भरून ठेवला. दर आठवड्याला ते चाळीपाशी जाऊन कांदा पाहत. दिवाळीच्या आधी त्यांनी चाळ उघडली. बहुतेक कांदा चांगला निघालेला पाहून आजोबांना फार आनंद झाला.' खाली विचारलं होतं, उताऱ्याच्या आधारे अचूक विधान निवडा. पर्याय चार. एक, आजोबांचा सगळा कांदा चांगला निघाला. दोन, आजोबांचा काही कांदा खराब निघाला. तीन, आजोबांच्या कांद्याला चांगला भाव मिळाला. चार, आजोबांनी चाळ नवीन बांधली.

"तीन!" रविराजराव गरजले. "काय सुंदर प्रश्न काढलाय. तीनच ना?"

वेदिकाने मान हलवली. उभी हलवली की आडवी, हे पाहायला रविराजराव थांबले नाहीत. त्यांनी तीनला गोल केला आणि ते अडतिसाव्याकडे वळले.

पंधरा दिवसांनी परीक्षा मंडळाने अंतरिम उत्तरसूची जाहीर केली. सदतीस: पर्याय दोन.

रविराजरावांनी मोबाइलचा पडदा वरखाली करून पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग देवळ्याला आईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून उतारा वाचून दाखवला. गोजराबाई पंचावन्न वर्षं कांद्यात होत्या.

"वाच पुन्हा शेवटचं," त्या म्हणाल्या. रविराजरावांनी वाचलं. "आनंद झाला म्हन्तो ना? मंग भाव भेटला. कांदा चांगला निघाला म्हनून कोनी नाचतं का? चांगला तर मागल्या सालीबी निघाला व्हता, तुझा काका आठ दिस जेवला नाय."

"ऐकलंस?" रविराजराव बायकोला म्हणाले.

मनीषाताईंनी उतारा स्वतः वाचला. "अहो, मला तर दोनच वाटतं. बहुतेक चांगला म्हणजे थोडा खराब."

"तू मनमाडची," रविराजराव शांतपणे म्हणाले. "रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला कांद्यातलं काय कळणार? थोडा खराब निघतोच. ते काय उताऱ्यातून शोधून काढायचं असतं? ते पोरासोरांनाही माहीत असतं. शोधायचं ते मनातलं."

"बाबा," वेदिका दारातून म्हणाली, "मी ना..."

"तू घाबरू नकोस. दोन गुणांचा प्रश्न आहे, बाबा बघतील."

बाबांनी बघायचं ठरवलं म्हणजे पाथर्डी फाट्यावरच्या गोदाकुंज सोसायटीच्या सेहेचाळीस घरांनी बघायचं ठरवलं. रात्रीच्या आत प्रश्न ग्रुपवर गेला. पहिल्या मजल्यावरचे सुनील सर हे निवृत्त मुख्याध्यापक. ते चपला न घालताच वर आले आणि म्हणाले, "आहेर, आक्षेप घ्या. पण एक सांगतो, आक्षेपात 'मला वाटते' असं कुठेही लिहू नका. 'सर्वश्रुत आहे' असं लिहा. वाटणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही." विमा विकणारा अमोल म्हणाला की माहितीच्या अधिकारात सावळीराम आजोबांचा सातबारा मागवावा, म्हणजे मंडळ आपोआप सरळ येईल. गेटवर मेथी विकणाऱ्या कुसाबाईंना मुद्दाम बोलावून उतारा ऐकवला, तर त्यांनी पाटी खाली ठेवून विचारलं, "म्हातारा गेला का राहिला?" राहिला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग भावच भेटला आसंल." हा पुरावा ग्रुपवर ध्वनिमुद्रणासह टाकण्यात आला. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी 'पण भावाचं उताऱ्यात कुठे लिहिलं आहे?' असं विचारलं, तेव्हा त्यांना विषयाला धरून बोलण्याची समज देण्यात आली.

आक्षेप ऑनलाइन नोंदवायचा होता. तिथे कारणासाठी अडीचशे अक्षरांची जागा होती. रविराजरावांच्या प्रस्तावनेतलं 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की' एवढ्यातच त्यातली बरीच गेली. मग त्यांनी कारणात 'सोबतच्या अकरा पानी निवेदनात पाहावे' असं लिहिलं आणि निवेदन जोडायला गेले, तर फाइल मोठी आहे असं उत्तर आलं. फाइल बारीक केली, तेव्हा अक्षरं इतकी बारीक झाली की निवेदन त्यांना स्वतःलाच वाचता येईना. ते मात्र स्वीकारलं गेलं. पुढे 'संदर्भग्रंथाचे नाव' असा रकाना होता. त्यांनी 'श्रीमती गोजराबाई आहेर, रा. देवळा, अनुभव ५५ वर्षे' असं भरलं. 'पृष्ठ क्रमांक' रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकेना. बराच विचार करून त्यांनी एक टाकला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ग्रंथ अप्राप्य, सबब शासकीय दाखला जोडावा. रविराजरावांच्या अभिमानाला तिथे पहिली जखम झाली, कारण असली उत्तरं आजवर ते पाठवत आले होते.

मग रजा टाकून ते तालुक्याच्या एका कार्यालयात गेले. चांगला भाव मिळाल्यावरच शेतकऱ्याला आनंद होतो, असा दाखला हवा म्हणाले. तिथल्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला. "आवकीचा दाखला मिळेल, भावाचा मिळेल. आनंदाचा आमच्याकडे नमुनाच नाही." दुसऱ्या कार्यालयात एक तरुण अधिकारी होता. त्याने उतारा मन लावून वाचला आणि विचारलं, "हे आजोबा कोणत्या गट नंबरमध्ये आहेत? चाळीचा पंचनामा केल्याशिवाय मला काही लिहून देता येणार नाही." आजोबा उताऱ्यातले आहेत, असं रविराजरावांनी सांगितलं. "उतारा कोणत्या तलाठ्याचा?" अधिकाऱ्याने विचारलं. रविराजरावांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि ते परत आले.

दाखला नाही म्हणून त्यांनी सोसायटीच्या सेहेचाळीस घरांच्या सह्या जोडल्या, कुसाबाईंचा अंगठा जोडला. अमोलच्या ओळखीने एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला आणि त्याने वेदिकाच्या हातात कांदा देऊन फोटो काढला. 'कांद्याने केला कन्येचा वांधा' अशा मथळ्याखाली बातमी छापून आली. तिच्यात वेदिका रडत होती असं लिहिलं होतं. वेदिका रडली नव्हती, पण बातमी वाचून रडली.

त्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आई, मी तीन लिहिलंच नव्हतं. मी दोन लिहिलंय."

मनीषाताई तशाच बाहेरच्या खोलीत गेल्या. "अहो, ती म्हणते तिने दोन लिहिलंय. तुमचं म्हणणं मान्य झालं तर तिचेच गुण जातील."

रविराजरावांनी चष्मा कपाळावर चढवला. बायकोला अर्थ समजावून सांगावा लागणार, हे त्यांना दिसलं. "मनीषा, ती दोन म्हणते याचा अर्थ तिने तीनच लिहिलंय. पण उत्तरसूची दोन म्हणते, पेपरात नाव आलंय, पोरीला दडपण आलंय. मी माझ्या हाताने तीनला गोल केलाय. तिच्या समोर."

"ती मान हलवते तेव्हा कधी बघता का तुम्ही?"

"मी तिचा बाप आहे. मला तिच्या मनातलं कळतं."

मनीषाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरात वाजायला लागली. रविराजरावांनी त्याचाही अर्थ लावला. बायकोला त्यांचं म्हणणं पटलं होतं, पण कबूल करवत नव्हतं.

आठवड्याने पत्र आलं. परीक्षार्थी व पालक यांनी सुनावणीस समक्ष हजर राहावे. गोजराबाईंना कळलं तेव्हा त्यांनी देवळ्याहून एसटीने वीस किलोची गोणी पाठवली. "त्यांना दाखव," त्या फोनवर म्हणाल्या, "चांगला कांदा कसा असतो ते. अन् सांग, याला भाव नाय, आमाला आनंद नाय." सुनावणीच्या दिवशी सकाळी रविराजराव इस्त्रीचा सफारी घालून, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात गोणीचं एक टोक धरून मंडळाच्या जिन्याने चढले. दुसरं टोक वेदिकाने धरलं होतं. दारातल्या शिपायाने गोणी अडवली. पुराव्याचा कागद असेल तर आत जाईल, वस्तू असेल तर आवक रजिस्टरला नोंद करावी लागेल, असा त्याने नियम सांगितला. नोंदीत नगसंख्येचा रकाना होता. शेवटी 'कांदे, अंदाजे बरेच' अशी नोंद होऊन गोणी आत गेली.

आत तिघं बसली होती. मधोमध अध्यक्ष हर्षाली जगताप मॅडम, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. रविराजराव उभे राहिले आणि बोलू लागले. असं बोलले की त्यांच्या साहेबांनी ऐकायला हवं होतं. शब्द हा नुसता वरचा पापुद्रा असतो, म्हणाले. आनंदासारखी गोष्ट शेतकऱ्याच्या तोंडी सहज येत नाही, ती आली म्हणजे तिच्या मागे काय उभं आहे ते ओळखायला काळीज लागतं, म्हणाले. 'बहुतेक' या शब्दाकडे बोट दाखवणारा माणूस चाळीत कधी गेलाच नसणार, असंही म्हणाले. डावीकडचे सदस्य येवल्याचे होते. त्यांच्या चाळीत त्याच वर्षी कांदा पडून होता. ते अस्वस्थ झाले.

"मॅडम, यांचं खरं आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे असंच असतं. भाव मिळाल्याशिवाय आनंद कसला?"

उजवीकडच्या सदस्यांनीही मान डोलावली. गोणीचं तोंड सैल झालं होतं, त्यातला एक कांदा घरंगळत त्यांच्या बुटापाशी आला. त्यांनी तो उचलून दाबून पाहिला आणि "टणक आहे" असा शेरा दिला.

जगताप मॅडमनी उतारा एकदा वाचला, मग निवेदन डोळ्यांजवळ धरून वाचायचा प्रयत्न केला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही सदस्यांचं मत असेल तर पर्याय तीन ग्राह्य धरता येईल. दोनला मग गुण राहणार नाहीत. नोंदीसाठी या मुलीची उत्तरपत्रिका काढा."

लिपिकाने पाकीट फोडलं आणि पट्टी ठेवून ओळ शोधली. "वेदिका रविराज आहेर. सध्याच्या यादीत साठावी. प्रश्न सदतीस..." तो थांबला. "मॅडम, परीक्षार्थीने पर्याय दोन लिहिलाय."

रविराजराव पुढे वाकले. दोनचा गोल पेन्सिलीने गच्च भरला होता, कडेच्या बाहेर एक ठिपकासुद्धा गेला नव्हता. त्याचा दुसरा काही अर्थ निघतो का, हे त्यांनी क्षणभर खरोखर पाहिलं. निघत नव्हता.

"बाळ," मॅडमनी विचारलं, "तू दोन का लिहिलंस?"

"उताऱ्यात 'बहुतेक' आहे म्हणून. सगळा चांगला असता तर 'सगळा' लिहिलं असतं."

"आणि भाव?"

"भावाचं लिहिलेलंच नाहीये." वेदिकाचा आवाज चिरकला. "आजीचं खरं असेल. पण ते आजीचं आहे ना, उताऱ्यातलं नाहीये."

"मग वडिलांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं," वेदिका म्हणाली. "आईनेपण सांगितलं."

रविराजरावांना लाज वाटली. खात्यात, सोसायटीत, देवळ्यात, कुठे वाटली नव्हती इतकी. जगात कोणीही न लिहिलेलं त्यांनी बावीस वर्षं वाचलं होतं आणि स्वतःच्या पोरीने तोंडाने सांगितलेलं त्यांना ऐकू आलं नव्हतं. आता तीन मान्य झालं तर रॉकेट गेलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मी आक्षेप मागे घेतो."

"आता कसा?" येवल्याचे सदस्य उखडले. "तुमचा मुद्दा बिनतोड आहे! आम्हाला पटलाय. तुमच्या मुलीसाठी खऱ्याचं खोटं करायचं का?"

मग रविराजरावांनी आयुष्यातलं सर्वांत अवघड काम केलं. त्यांनी रविराज आहेर यांचं अकरा पानी निवेदन खोडून काढायला घेतलं. पान एकवर 'सर्वश्रुत आहे' म्हटलंय, त्याला आधार काय? पान चारवर अर्जदार आजोबांच्या मनात शिरलाय, तशी परवानगी कोणी दिली? प्रश्नात 'उताऱ्याच्या आधारे' असे स्पष्ट शब्द असताना अर्जदाराने आधार आपल्या आईचा घेतला, हे गंभीर आहे. बोलता बोलता त्यांना स्वतःचा रागच आला आणि अशा अर्जदारावर कारवाई व्हावी, असं ते म्हणणार होते, इतक्यात वेदिकाने त्यांच्या सफारीचं टोक ओढलं. येवल्याचे सदस्य कांद्याकडे बघत खुर्चीत मागे टेकले. दोन कायम राहिलं.

पण मागे घ्यायला नमुना होता. लिपिकाने छापील अर्ज पुढे सरकवला. 'आक्षेप मागे घेण्याचे कारण (एकाच पर्यायावर खूण करावी). एक, अर्जदाराचा गैरसमज. दोन, पुराव्याअभावी. तीन, आपसात समझोता. चार, इतर.'

रविराजरावांनी पेन काढलं. ते दोनवर थबकलं. पुरावा तर वीस किलो होता, तो लिपिकाच्या टेबलाशी पडला होता. मग ते चारवर सरकलं. 'इतर' हा शब्द त्यांच्या आवडीचा. त्यात काहीही मावतं आणि कोणाला काही कळत नाही. त्यांनी खूण करायला टोक टेकवलं.

"बाबा," वेदिका हळू म्हणाली. तिने अर्जावर बोट ठेवलं आणि शब्दाशब्दावरून नेत एकपाशी थांबवलं.

रविराजरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती. या वेळी त्यांनी नीट पाहिलं. मान उभी हलत होती. त्यांनी एकवर खूण केली आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.

बाहेर आल्यावर ग्रुपवर त्रेचाळीस निरोप येऊन पडले होते. काय झालं, जिंकलो का, पेढे कधी. रविराजराव पायरीवर बसले आणि सवयीने त्यांनी मसुदा केला: 'आपल्या आक्षेपावर आज सविस्तर सुनावणी होऊन तो निकाली काढण्यात आला आहे.' एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला, शेजारी उभ्या वेदिकाकडे पाहिलं आणि पुसून टाकला. मग लिहिलं, 'उत्तर दोनच बरोबर आहे. वेदिकाने दोनच लिहिलं होतं. माझं चुकलं.' चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी शाबासकीचा अंगठा पाठवला. बाकीची घरं एकदम शांत झाली.

तेवढ्यात देवळ्याहून फोन आला. "काय म्हन्ले रे? आपलंच खरं धरलं ना?"

"नाही, आई. दोनच बरोबर. वेदिका जातेय रॉकेट बघायला."

"जाऊ दे की, लय चांगलं झालं." गोजराबाई खरंच खूश झाल्या. मग आवाज खाली आला. "पन रवी, ते ऱ्हाऊ दे. त्या म्हाताऱ्याला भाव भेटला का नाय, तेवढं सांग."

"आई, ते उताऱ्यात लिहिलेलं नाही."

"मंग कशाचा एवढा आनंद झालाय त्याला," गोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.